लिओटाच्या घोड्यांना धडा

७ एप्रिल, शनिवार
नेमबाजीची जागा अखेर तयार. मागच्या कुरणात मातीचा उंच बांध, बांधापुढे नेमासाठी पोलादी ताट टांगलेलं. अख्ख्या मिझुरीत खाजगी जमिनीवर अशी जागा नसेल. पहिल्या पाच गोळ्या बांधात गेल्या. वारा होता.
तेवढ्यात कुंपणापलीकडची लिओटा क्रिब्स आली. म्हातारी घोडेस्वारी शिकवते. हातात पीचच्या मुरंब्याची बरणी. म्हणाली, "ऑर्व्हल, शनिवारी सकाळी माझ्याकडे शिकणारी माणसं असतात. घोडे बिचकतात. दुपारनंतर बार उडवाल का?"
स्वतःच्या जमिनीवर मी कधी बार उडवायचा, हे ही बाई ठरवणार! मुरंबा ठेवून घेतला. विनंती नाही.
निश्चय : यापुढे दर शनिवारी सकाळी नऊ वाजता.

८ एप्रिल
चर्चमध्ये लिओटाने लांबून हात हलवला. डिवचते आहे.

१४ एप्रिल, शनिवार
नऊला सुरुवात. पहिल्याच बाराला तिची करडी घोडी मागच्या पायांवर उभी. लिओटा खोगिरावरून निम्मी घसरली, मानेला मिठी मारून कशीबशी तगली. शिकणारे घरी गेले.
उरलेल्या गोळ्या डब्यात परत ठेवल्या. वारा होता.

१६ एप्रिल
ती तक्रार करणार हे उघड आहे, म्हणून मीच आधी शेरीफच्या कचेरीत फोन केला. एक तरुण शिपाई आला. बांध पाहिला, गोळीची दिशा पाहिली. तक्रार कोणाचीच नाही म्हणाला. जाताना म्हणाला, "साहेब, कायदा तुमच्या बाजूला आहे. पण शेजारीणही तुमच्या बाजूलाच राहते."
याचा अर्थ विचारायचं राहून गेलं. कायदा माझ्या बाजूला, एवढं पुरे.

२१ एप्रिल, शनिवार
ताट कुंपणाजवळ आणलं. लागलं की चर्चच्या घंटेसारखं घणघणतं. आज दोनदा लागलं. एकदा तर नेम धरून.
नेडीन कॉफीचा थर्मास घेऊन कुंपणापलीकडे गेली. माझी लग्नाची बायको!

५ मे, शनिवार
मोठी रायफल काढली. आवाज टेकडीवरून परत येतो. खांदा काळानिळा झालाय. नेडीनने गोठलेल्या मटारची पिशवी खांद्यावर आपटली. ठेवली म्हणता येणार नाही, आपटलीच.
म्हणाली, "तिच्याकडे आता कुणी शिकायला येत नाही. घोडे विकावे लागतील म्हणते. झालं समाधान?"
झालं. बराच वेळ खिडकीशी उभा होतो, ते फक्त वारा बघायला.

१२ मे, शनिवार
लिओटा घोडे घेऊन मैदानात उभी होती, मुद्दाम. मी बार उडवला की ती घोड्याच्या तोंडात गाजर घालायची. घाबरली आहे, हात रिकामे ठेवता येत नाहीत.
करडी घोडी कुंपणापर्यंत आली, माझ्याकडे पाठ केली आणि चरत राहिली. मालकिणीचीच शिकवण.

२६ मे, शनिवार
विजय! सकाळपासून तिच्या दारात घोडे वाहून नेणाऱ्या गाड्यांची रांग. घोडे चालले! नेडीनला म्हटलं, "पाहिलंस? चिकाटी लागते." ती गालातल्या गालात हसली. हार मानली बिचारीने.

२७ मे
गाड्या घोडे न्यायला आल्या नव्हत्या, आणायला आल्या होत्या.
लिओटा ओव्हनमधली गोड पाई घेऊन दारात. आंबट रूबार्बच्या देठांची, अजून गरम. म्हणाली, "ऑर्व्हल, तुमचे उपकार कसे फेडू? बारागणिक गाजर खाऊन माझी जनावरं आता तोफेशेजारीसुद्धा डुलक्या काढतील. मिरवणुकीवाले, घोड्यावरून नेमबाजी करणारे, लांबलांबून आपापले घोडे तयार करायला पाठवतायत. बुधवारीही उडवाल का, प्लीज?"
मी पाईचा मोठा घास घेतला. नेडीनने माझ्या वतीने "आनंदाने" म्हटलं.

२८ मे
रात्रभर विचार करून सूड सापडला. शांतता! एकही बार नाही. रायफल कपाटात, ताटावर ताडपत्री. बसा म्हणावं आता गाजरं घेऊन.

२ जून, शनिवार
नऊ वाजता अंथरुणात पडून शांतता ऐकत होतो. घण्ण.
पायजम्यावर धावलो. नेडीन! कानांवर माझे कर्णरक्षक, हातात माझी रायफल. घण्ण. घण्ण. एकही गोळी वाया नाही. कुंपणापलीकडून लिओटा नव्या घोड्यावर बसून ओरडत होती, "आता जरा थांबून, नेडीन! आता दोन लागोपाठ! शाबास गं!"
विचारलं, हा काय प्रकार आहे. नेडीन नेम न हलवता म्हणाली, "तू सोडलंस ना? लिओटाने मला कामावर ठेवलंय, बुधवार-शनिवार. आत जा, ओव्हनमधली बिस्किटं करपतील."
विचारलं, नेम कुठे शिकलीस? म्हणाली, "वडिलांकडे. चाळीस वर्षांत तू विचारलं नाहीस."
बिस्किटं करपली. वास सगळ्या घरात आहे.

६ जून
घरात एकटा. त्या दोघींचं हसणं कुंपणापासून इथपर्यंत ऐकू येतं. कुचाळकी नसावी, पण माझं नाव दोनदा आलं.

९ जून, शनिवार
लिओटा सकाळी दारात. म्हणाली, घोड्यांना आवाजाची सवय झाली, आता अचानक उघडणाऱ्या छत्रीची करायची आहे. समोर उभं राहून छत्री उघडायला-मिटायला एक भरवशाचा माणूस हवाय.
विचार करून कळवतो म्हणालो. पाच मिनिटांत कळवलं.
लाल छत्री घेऊन करड्या घोडीसमोर छाती काढून उभा राहिलो. आज हिला दाखवतोच. खटका दाबला, छत्री फाडकन उघडली.
घोडी जागची हलली नाही. दचकलो तो मी, आणि मागच्या लिदीत बसलो. दोघींनी हात दिला. लिओटा म्हणाली, "छान जमतंय. पुन्हा करा."
पुन्हा केलं.