चौदा कारखान्यांची मिनिटं

३ मार्च, मंगळवार

जुन्या कंपनीतून फोन. खुद्द मोठ्या साहेबांचा! बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली खर्चाचे तक्ते केले, तेव्हा एकदाही स्वतःहून फोन केला नाही. अर्थविभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झालीय. म्हणाले, "तू ये. तेरा तारखेपर्यंत, म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत, हो की नाही ते कळव."

दीड वर्षापूर्वी राजीनामा ठेवला तेव्हा याच साहेबांनी विचारलं होतं, या वयात हे खूळ कुठून शिरलं म्हणून.

हिला सांगितलं. ही पालेभाजी निवडत होती, मान वर केली नाही. जरा वेळाने विचारलं, केबिनला खिडकी आहे का. म्हणजे हिचं ठरलेलं आहे.

४ मार्च, बुधवार

आमचं ऑफिस छापखान्याच्या वर आहे. खालची यंत्रं सुरू झाली की जमीन थरथरते आणि इंजिनियरची चाकांची खुर्ची आपोआप खिडकीकडे सरकत जाते. तो बोलता बोलता पायाने परत ओढून आणतो. इंजिनियर म्हणजे माझा भागीदार, पंधरा वर्षांनी लहान. आज त्याचा प्रोग्रॅम तीनदा बंद पडला.

काम सांगायला सोपं. छोटे कारखानदार मोठ्या कंपन्यांना भाव देतात तो अंदाजाने. आम्ही जातो, घड्याळ लावून कोणत्या कामाला किती मिनिटं लागतात ते टिपतो. मी वहीत, तो प्रोग्रॅममध्ये. त्यातून खरा भाव निघतो. चौदा कारखाने धरले आहेत. पण आमचा भाव नेहमी चढाच येतो! बारा कारखानदार तोंडदेखलं ऐकून घेतात आणि शेवटी स्वतःचाच अंदाज लिहून पाठवतात. दोघांनी आमचा भाव पाठवला, त्यांची कामं हातची गेली.

कुठे चुकतंय तेच कळत नाही.

६ मार्च, शुक्रवार

स्प्रिंगबाईंकडे गेलो. नवरा गेल्यापासून स्प्रिंगांचा कारखाना त्या एकट्या चालवतात. मला पाहिलं की दर वेळी तेच – आले बघा घड्याळवाले, सरळ उभे राहा रे सगळे. माणसं हसतात. बाई बसायला मात्र कधी सांगत नाहीत.

पुन्हा पहिल्यापासून मोजलं. शंभर स्प्रिंगांना एक्केचाळीस मिनिटं. गेल्या वेळीही एक्केचाळीसच. कारागीर शांत, हात कसा एका लयीत. बघत राहावंसं वाटतं. टेबलाशी बसून बावीस वर्षं नुसते आकडे पाहिले, हे असलं काही दिसलं नव्हतं.

एका गोष्टीचं बरं वाटतं. ही माणसं आपला कारखाना माझ्यापुढे उघडा ठेवतात. परक्यापुढे कोण ठेवतं?

९ मार्च, सोमवार

इंजिनियरशी वाजलं. तो म्हणतो माझी मिनिटं चुकतात. मी म्हणतो त्याचा प्रोग्रॅम चुकतो. मी स्प्रिंगबाईंचं पान पुढे टाकलं – एक्केचाळीस म्हणजे एक्केचाळीस, दोनदा मोजलेत. तो म्हणाला, मग या भावाने जगात कुणाच्याच स्प्रिंगा विकल्या जायला नकोत.

तेवढ्यात खुर्ची सरकली. एरवी हसलो असतो.

साहेबांच्या फोनचं त्याला परवाच सांगितलंय. जाताना दारात थांबला. "दादा, जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. पण जाताना खापर माझ्या प्रोग्रॅमवर फोडू नका."

बोलणं लागलं. कारण अर्धं खरं होतं.

१० मार्च, मंगळवार

देवापुढे बसून काही मागायचं नाही, हा इतक्या वर्षांचा नेम. आज मोडला. म्हटलं, काय ते एक ठरू दे.

११ मार्च, बुधवार

साहेबांना भेटून आलो. केबिनला खिडकी आहे. मोठी. खाली झाडं दिसतात. शिपायाने न विचारता चहा आणला, बिनसाखरेचा – त्याच्या लक्षात होतं! खुर्ची जागची हलत नाही. मनाने मी जवळजवळ हो म्हणून बसलो होतो.

मग साहेबांनी दार लावून घेतलं.

"तुझे ते चौदाच्या चौदा कारखाने आपल्यालाच माल देतात. कुणाला किती मिनिटं लागतात ते तुझ्या वह्यांत आहे. वह्या घेऊन ये. मग कुणाला कुठपर्यंत दाबता येतं ते बघू."

इतक्या सहज म्हणाले! छत्री घेऊन ये म्हणावं तसं.

मी काय म्हटलं? विचार करतो, म्हटलं. चहा पूर्ण प्यायलो, कप बशीत नीट ठेवला, नमस्कार केला. लिफ्टमध्ये स्वतःची लाज वाटली. मी आपला समजत होतो, बावीस वर्षांच्या कामाची आठवण ठेवून बोलावलं.

१२ मार्च, गुरुवार

हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, वह्या घरी ठेवा आणि जा. मी म्हटलं, वह्या घरी ठेवीन, डोकं कुठे ठेवू? मिनिटं पाठ आहेत. गावच्या शाळेत गुरुजींनी पाढे पाठ करून घेतले तशी पाठ आहेत. समोरचा विचारणार आणि मी गप्प बसणार, असं किती दिवस?

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. डबा भरता भरता एवढंच म्हणाली, "तुमच्या चांगुलपणाचा पगार दीड वर्ष मी भरतेय. एवढं लक्षात असू द्या."

पोरीच्या कॉलेजची दोन वर्षं अजून उरली आहेत. ही रोज दोन बस बदलून कामाला जाते. मी घड्याळ घेऊन लोकांच्या दारात उभा राहतो.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी दहाला कळवलं. नाही.

साहेब म्हणाले, बरं. फोन ठेवला. बावीस वर्षं आणि एक 'बरं'.

हिने स्वयंपाकघरातून ऐकलं असणार. चप्पल घालून बाहेर पडली, रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी. वाटलं होतं, योग्य ते केलं की मनाला शांतता मिळते. मला पित्त झालं.

इंजिनियरला सांगितलं. तो नुसता हूं म्हणाला आणि प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासायला बसला. दिवसभरात एकही चूक सापडली नाही.

१५ मार्च, रविवार

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. पोरगी दोघांच्या ताटात वाढते.

१७ मार्च, मंगळवार

स्प्रिंगबाईंनी बोलावून घेतलं. मी वह्या दिल्या नाहीत हे कंपनीच्या खरेदीवाल्याकडून त्यांच्या कानावर गेलं होतं. आज खुर्ची पुढे केली.

"दिल्या असत्यात तरी आमचं काही बिघडलं नसतं," म्हणाल्या. "तुम्ही घड्याळ काढलंत की माझी माणसं मुद्दाम हात राखून काम करतात. मीच सांगून ठेवलंय. बाकीच्या तेरा ठिकाणीही तेच चालतं. कंपनीतून आलेल्या माणसाला खरं कोण दाखवतं?"

त्यांनी कारागिराला हाक मारली, आज रोजच्यासारखं कर म्हणाल्या.

वहीचं नवं पान काढलं. शंभर स्प्रिंगा – तेवीस मिनिटं.