म्हाळसा नसलेला खंडोबा

उदगीर
मे १९८६

प्रिय रेणुकादास,

जय भीम. तू उलट टपाली नमस्कार लिहिशील, म्हणजे फिटंफाट. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू मनातल्या मनात मला चार शिव्या घातल्या असशील. घाल. नांदेडला गोदावरी आहे, शिव्या घालायला तुमच्या तोंडात ओलावा तरी राहतो. इथं उदगिरात टँकर आला की लोक भांडतात आणि नाही आला की एकमेकांशी बोलायचंही सोडून देतात. नवा जिल्हा झाला तेव्हा आपण दोघांनी लातूरला पेढे खाल्ले होते, आठवतं? आता उस्मानाबादच्या चकरा संपल्या, सगळं हाताशी आलं, असं तू म्हणाला होतास. हाताशी आलं ते खरं. साहेबांची जीप पूर्वी वर्षाकाठी एकदा दुष्काळ बघायला यायची, आता वरचेवर येऊन बघून जाते.

माझं म्हणशील तर पेन्शनीत निघालेल्या माणसाला कुणी विचारत नाही, पण जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून जिंदगी गेली, त्यामुळे चारा डेपोवर मला बोलावून नेलंय. दिवसभर हाडं वर आलेली बैलं बघतो. त्यांना औषध नको असतं, पेंढी हवी असते, आणि ती माझ्या हातात नाही. संध्याकाळी घरी येऊन त्या खोलीत बसतो. तू बघितली आहेस ती. भिंतीवर तलवारी आणि भाल्यांची पाती, खुंट्यांना रिकिबी आणि लगाम, फळीवर पट्ट्यांचे बिल्ले. तुझी वहिनी पार्वतीबाई तिला बिनघोड्याचा तबेला म्हणते आणि झाडायलासुद्धा आत पाऊल टाकत नाही. ह्यातली एकही वस्तू मी विकत घेतलेली नाही. कुणाच्या म्हशीचं अडलेलं रेडकू सोडवलं, कुणाच्या बैलाच्या खुरातली आळी काढली, की मी म्हणायचो, जरा माळ्यावर नजर टाकू द्या. लोक म्हणायचे, सगळे पैसे मागतात, हा बाबा गंज मागतो.

हे खूळ कुठून आलं ते तुला ठाऊक आहे, तरी आज पुन्हा सांगतो. आमच्या देव्हाऱ्यात देवांचे टाक होते, तेव्हा सगळ्यांकडे असायचे तसे. त्यातला खंडोबा मात्र वेगळा होता. पितळेचा, जाडजूड, पाठीमागं दोन कड्या. घोडा होता, घोड्यावर बसलेला होता, पण त्याच्या मागं म्हाळसा नव्हती, घोड्याच्या पायाशी कुत्रं नव्हतं आणि हातात तलवारीऐवजी भाला होता. मी मायला विचारलं तर ती म्हणायची, "म्हाळसा म्हायेरी गेलीय, कुत्रं गेलंय पोचवायला." बापानं मात्र एकदा मला जवळ ओढून सांगितलं की हा देव नाही, तुझ्या आज्याचा बिल्ला आहे. आजा नरसिंग हिंगोलीच्या रिसाल्यात स्वार होता. छावणी उठली तेव्हा पट्ट्यावरचा बिल्ला घेऊन गावी आला आणि कुणाच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून देवांत ठेवून दिला. रेणुकादास, आमच्या माणसानं गावातून पायात वहाण घालून जायचं नाही, त्या काळात माझा आजा भाला घेऊन घोड्यावर बसत होता! मला त्या दिवशी स्वर्ग दोन बोटं उरला.

दर दसऱ्याला माय सगळे देव चिंच आणि राख लावून घासायची. बिल्ल्यावर काही अक्षरं असलीच तर ती तिच्या अंगठ्याखाली केव्हाच झिजून गेली. मग आमच्या वस्तीनं धम्म घेतला आणि घराघरांतले देव टोपल्यांत भरून ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीत सोडले. मी तेव्हा नोकरीवर निलंग्याला होतो. घरी आलो तर देव्हाऱ्याची जागा स्वच्छ सारवलेली. देव गेल्याचं मला दुःख नव्हतं, आजही नाही, उलट छाती भरून आली होती. पण त्यांच्याबरोबर बिल्लाही गेला होता, आणि ते मी कुणाला बोलून दाखवू शकत नव्हतो.

पुढं तू नांदेडला प्राध्यापक झालास, रिसाल्यावर निबंध वाचलास आणि मी मागच्या बाकावर येऊन बसलो. तू सांगितलंस की त्या रिसाल्यात घोडा स्वारानं आपला आणायचा असे, म्हणून स्वार म्हणजे घरंदाज माणसं, आणि आमच्या लोकांना तिथं जागा होती ती गवत कापायची नि लीद काढायची. मी उठून म्हणालो, माझा आजा स्वार होता. तू चष्मा पुसलास आणि म्हणालास, असेल, पण पुरावा? लोक हसले. तू हसला नाहीस, हे मी तुझ्या बाजूनं कायम धरलेलं आहे. पण त्या एका शब्दापायी मी देगलूरपासून औशापर्यंत गावं पालथी घातली, शिलेदारांच्या नातवंडांच्या माळ्यांवर चढलो. देगलूरच्या मलप्पाकडे हुबेहूब तसाच बिल्ला निघाला, न घासलेला. घोड्याचा उचललेला पाय तोच, भाला तोच, खाली रिसाल्याचं नाव. म्हणजे आमचा खंडोबा रिसाल्यातलाच होता, एवढं पक्कं झालं. पण मलप्पाचा बिल्ला त्याच्या पणजोबाचा. माझ्या आज्याचा होता तो पाण्याखाली.

यंदा ती विहीर आटली. बहात्तर सालीसुद्धा तिच्या तळाशी गढूळ पाणी होतं, ह्या वर्षी तेही गेलं. रोजगार हमीतून गाळ काढायचं काम निघालं तसा मी रोज काठावर जाऊन बसू लागलो. पाट्यांतून चिखल वर यायचा आणि त्यात टाक, मुखवटे, घंटा, एखादं दिवठाण. कोंडाबाई मुकादमीण काठीनं उलटंपालटं करून म्हणायची, "बघा दादा, तुमचा हाय का ह्यात?" बायका खुसूखुसू हसायच्या. विहाराचे शेषेराव मात्र तणतणत आले. "ज्येला आपण पाण्यात सोडलं, त्येला तू वर काढून राहिलास कशापायी? बावीस प्रतिज्ञा इसरलास का?" मी म्हणालो, मी देव शोधत नाही, आज्याला शोधतोय. त्यांना ते पटलं नाही. आणि एके दिवशी पाटीतून तो वर आला. काळा पडलेला, पण दोन्ही कड्या शाबूत. मी तो सदऱ्याला पुसला आणि सगळ्यांसमोर रडलो.

मग सगळंच फिरलं. मलप्पाकडून आणलेला बिल्ला शेजारी ठेवून दाखवल्यावर शेषेरावांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, "मंग ह्यो देव न्हाईच. ह्यो आपला इतिहास हाय." जयंतीच्या मिरवणुकीत पोरांनी गाड्यावर पडदा रंगवला: पांढरा घोडा, वर भालेवाला नरसिंग. माझी चार चुलत नातवंडं त्या घोड्याखाली उभी राहून फोटो काढून घेत होती. बिल्ला सापडल्याचं मी तुला कळवलं होतंच, त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. लातूरला नव्या जिल्ह्याच्या इतिहास-दालनाचं काम तुझ्याकडे आलंय, माझा सगळा संग्रह तिथं मांडायचा, आणि मधल्या कपाटात हा बिल्ला, खाली कार्ड: हिंगोली रिसाल्यातील स्वार नरसिंग यांचा. तू लिहिलं होतंस, रामकिशन, पुरावा गेला चुलीत, तुझा शब्द मला पुरे. मी ते पत्र पार्वतीबाईला वाचून दाखवलं. ती पहिल्यांदा त्या खोलीत आली आणि खाली बसली.

ते पत्र मी मायलाही वाचून दाखवायला गेलो. डोळ्यांत मोतीबिंदू, दिसत नव्हतं तिला, म्हणून बिल्ला तिच्या हातात दिला. तिनं त्यावरून अंगठा फिरवला, घासताना फिरवायची तसाच. "हाव, ह्योच त्यो," ती म्हणाली. "मामंजींनी इकत आणल्याला." मला वाटलं, वयानं भरकटली. पण ती सरळ सांगत गेली. छावणी मोडली तेव्हा भंगाराचे ढीग बाजारात आले होते. मामंजी रिसाल्यात घास कापायला होते, रानातून कापून तट्टावर लादून आणायचे. घरात खंडोबा नव्हता, सोनाराकडचा टाक परवडत नव्हता, ढिगात घोड्यावर बसलेला दिसला म्हणून उचलला. मी विचारलं, आणि स्वार? "सवार त्येंला तुझ्या बापानं केलं, ते गेल्यावर." ते कधीच घोड्यावर बसले नाहीत का, विचारलं. "घोडं कुठलं? तट्टू हुतं, ते घासानं भरल्यालं. बसायचं कुठं?" मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो की माय, इतकी वर्षं तू बोलली का नाहीस. तिनं बिल्ला माझ्या दिशेनं पुढं केला. "आज्याचं तू मला कवा इचारलंस? बापालाच इचारलंस. नवऱ्याचं बोलणं मी खोटं कशाला पाडू?"

रेणुकादास, माय गेली. ह्या वैशाखात ऊन लागलं, दोन रात्री पाणी पाणी केलं आणि गेली. तिच्या हातचं वरण तू शाळेत असताना माझ्या ताटातून खाल्लंस, म्हणून तुला आधी कळवायला हवं होतं, पण मी मुद्दाम थांबलो. तिच्यामागं हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो होतो. गप्प बसलो तर कार्ड तसंच राहील, पोरांचा घोडा राहील, बाप खोटा ठरणार नाही. मी पुष्कळ दिवस गप्प बसूनही बघितलं. जमलं नाही. बिल्ला हातात घेतला की तिचा अंगठा दिसतो. तो आज्याच्या पट्ट्यावरचा नसेल तर तो खंडोबाच आहे, आणि खंडोबा आम्ही सोडला, तेव्हा घरात ठेवता येत नाही. परत विहिरीत सोडावा तर तिच्यात पाणी नाही. म्हणून ह्या पत्राबरोबर तुझ्याकडे पाठवतोय. रिसाल्याचा बिल्ला, मालक अज्ञात, असं लिही. स्वार नरसिंगचं कार्ड फाडून टाक. शेषेरावांना आणि पोरांना मी सांगणार आहे, कसं ते अजून सुचलेलं नाही. बाकीचा संग्रहही ने, तलवारी, भाले, रिकिबी, सगळं, टेम्पो पाठव. त्या कार्डाच्या जागी नरसिंग घासवाला म्हणून काही मांडू, असं तू चांगुलपणानं म्हणशील, तर तेही मनातून काढ. सगळी जिंदगी मी स्वारांच्या वस्तू गोळा केल्या. माझ्या आज्याची म्हणून दाखवायला माझ्याजवळ एकही नाही.

तुझाच,
रामकिशन