फ्यूजच्या जागी तार

६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल आम्ही दोघं मरता मरता वाचलो. ह्यांना डायलिसिसला घेऊन निघाले होते. थंडीनं समोरच्या काचेवर वाफ धरली म्हणून पंखा लावला, तर उतारावरच्या वळणावर डॅशबोर्डखालून भसाभसा धूर! पुढचं काही दिसेना. गाडी कशीबशी कडेला घेतली, मागचं दार उघडलं आणि ह्यांच्या काखेत हात घालून ओढून बाहेर काढलं. एवढा थोरला माणूस मी कसा ओढला, देव जाणे.

गॅरेजवाला म्हणतो, गाडी म्हातारी झाली, भंगारात घाला. सांगायला काय जातंय त्याचं! आठवड्यातून दोनदा ह्यांना न्यायचं कशातून? उचलून बसवायचं म्हटलं की भाड्याचे गाडीवाले पाठ फिरवतात. अ‍ॅम्ब्युलन्स अगदी शेवटची घटका असेल तरच येणार. गाडी नाही तर डायलिसिस नाही, आणि ते नाही तर काय, ते मी लिहीत नाही.

फोनच करणार होते, पण तुला ऐकू येत नाही आणि वहिनीला गाडीतलं काही कळत नाही. तेव्हा तूच लवकर लिही. मला काही सुचत नाहीये रे.

तुझ्या मायेच्या भरवशावर असलेली,
ठकी


१० जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. वहिनी विचारते, धूर आल्यावर आधी पर्स तर शोधली नाहीस ना? तुझा नेम नाही, म्हणून विचारते.

आता नीट वाच. सगळ्यात आधी बॅटरीची वजा खुणेची तार काढ. ती निघाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. मग डॅशबोर्डखाली डोकं घालून वास घे. गोडसर वास आला तर हीटरचं पाणी गळतंय. नाकात झोंबणारा, जळक्या प्लॅस्टिकचा आला तर वायर जळली आहे. त्यानंतर फ्यूजच्या पेटीचं झाकण उघड. वायर तापायच्या आत फ्यूजनं जळून जायचं, त्याचं कामच ते. कुठला जळलाय ते कळव. तो सापडला की निम्मा आजार सापडला.

फोरमनला म्हणावं, खुर्चीत बसल्या बसल्या जरा तोंड चालव. आमच्या वर्कशॉपचा फोरमन नवरा म्हणून घरात असताना तुला मला विचारायची पाळी यावी, म्हणजे काखेत कळसा!

धीर सोडू नकोस, आणि माझ्यावर रागावायचं तर गाडी चालू झाल्यावर रागाव.

दादा


१४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलंस तसं सगळं केलं. वास जळक्या प्लॅस्टिकचाच आहे. पण फ्यूज एकही जळलेला नाही. पंख्याच्या जागी तर फ्यूजच नाही, तांब्याची जाड तार बसवली आहे. तिच्यामागची वायर पार वितळून पत्र्याला चिकटली आहे. गॅरेजवाला आईची शपथ घेऊन सांगतो, हे माझं काम नव्हे. तार काढून पाकिटात घातली आहे. बघ तुला काही कळतंय का. ह्यांच्याकडे विषय काढला नाही, उगाच डोक्याला ताप.

डायलिसिसची एक पाळी चुकली, दादा. दुसऱ्या वेळी दूधवाल्याच्या टेम्पोत गादी टाकून नेलं. तो म्हणतो, पुन्हा जमायचं नाही, रस्त्यात काही झालं तर माझ्यावर येईल. ह्यांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो. आडवं झालं की धाप लागते, म्हणून बसून झोपतात. मी आतल्या खोलीत जाऊन रडते आणि तोंड धुऊन बाहेर येते.

तुझ्याशिवाय कुणाचा आधार नाही, हे विसरू नकोस.

ठकी


१८ जानेवारी

प्रिय फोरमन,
स. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या नावावर टाकतोय, ठकी फोडणार नाही. तिनं पाठवलेली तार माझ्यासमोर आहे. पीळ घट्ट, आणि दोन्ही टोकं आत वळवून दाबलेली, कुणाच्या बोटाला टोचू नयेत म्हणून. टोकं तशीच सोडली म्हणून तू आम्हा सगळ्यांना फैलावर घ्यायचास. असा पीळ घालणारा माणूस मी एकच पाहिला.

फ्यूजच्या जागी जाड तार घातली की काय होतं, हे तुला मी सांगावं? फ्यूज वाचतो आणि गाडी जळते. गड्या, गाडी माझी बहीण चालवत होती! का केलंस?

जळलेली वायर पूर्ण बदला, सांधत बसू नका. पंख्याची मोटर हातानं फिरवून बघा. जड असेल तर तीच जास्त करंट ओढते आहे. आणि तारेच्या जागी खरा फ्यूज घाला.

मैत्री अजून शाबूत आहे, म्हणूनच शिव्या दिल्या नाहीत.

तुझा बहिरा


२३ जानेवारी

प्रिय बहिऱ्या,
स. न. वि. वि.

ओळखलंस. मोटर अडकत होती, फ्यूज जळत होता. एका दुपारी ठकी झोपलेली असताना कसाबसा भिंत धरून अंगणात गेलो, तार बसवली आणि पंखा चालू करून आलो. उभ्या उभ्या जळू दे म्हटलं. गाडी गेली की डायलिसिस गेलं, आणि तिची सुटका. मला उचलून उचलून तिची कंबर गेली आहे रे. आणि मीही कंटाळलो.

पण मेला पंखा त्या दिवशी सुरळीत फिरला. पुन्हा जाऊन बंद करतो तोच धाप लागली, तार तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं मला गाडीत घातलं. सांगायला तोंड उघडलं, पण जीभ रेटली नाही. तिनं पंखा लावला. धूर झाला तेव्हा ती पळून जाऊ शकली असती, बहिऱ्या. आधी माझं दार उघडलं तिनं.

मोटर जडच होती. वाळका पाला अडकला होता. मी खुर्चीतून सांगत गेलो, ती डॅशबोर्डखाली निजून करत गेली. वायर नवी घातली, फ्यूज घातला. गाडी उत्तम चालते.

तिला सांगायचं की नाही, तू ठरव. माझ्यात ती हिंमत नाही. जमलं तर पूर्वीसारखाच राहा.

फोरमन


३१ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. ह्यांनी लिहिलेलं मला सांगताना किती आढेवेढे घेतलेस! अरे, पेटीचं झाकण उघडलं तेव्हाच तो पीळ मी ओळखला होता. घरातल्या प्रत्येक वायरला तोच तर आहे. ह्यांना तोंडावर विचारायचा धीर होईना, म्हणून तुझ्याकडे पाठवला.

डॉक्टर म्हणतात, चुकलेल्या पाळ्या हृदयाला भोवल्या.

काल निघायच्या वेळी ह्यांना उचलायला वाकले आणि तशीच थांबले. विचारलं, यायचंय का? इतक्या दिवसांत मी हे कधी विचारलंच नव्हतं, दादा. उचलायचं आणि गाडीत घालायचं, एवढंच करत आले. ते म्हणाले, आज येतो, पुढच्या वेळी पुन्हा विचार.

मी हो म्हटलं. दर वेळी विचारणार आहे. पण ज्या दिवशी ते नाही म्हणतील, त्या दिवशी मिळेल त्या गाडीनं निघून ये. त्यांच्याजवळ एकटीनं बसून राहणं मला जमणार नाही.

वाट बघायला लावू नकोस.

तुझी ठकी