दिवा नसलेला खांब

दि. ६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अक्काचे आशीर्वाद, भावजयीलाही.

उत्तराला उशीर झाला, फुगून बसू नकोस. तू विचारलंस, बारक्याचं कसं चाललंय. आणि मत लाडक्या आत्याचं नको, पोरींना जन्मभर बास्केटबॉल शिकवलेल्या मास्तरणीचं हवं. मग ऐक. इथे त्याच्या क्लबच्या मैदानावर झालेला एकही सामना मी सोडलेला नाही.

त्याने किती गुण केले ते पेपरात बघून तू धड जेवत नाहीस, असं भावजय म्हणाली. आधी ते बंद कर. सेंटर उशिरा तयार होतो. एवढा देह ताब्यात यायलाच दोन-तीन वर्षं जातात. मी त्याचे पाय बघते. मोसमाच्या सुरुवातीला तो एकाच खांद्यावरून वळायचा, आता दोन्हीकडून वळतो. आधी समोरच्याच्या अंगावर पडून फाऊल ओढवून घ्यायचा, आता हात सरळ वर करून जागेवर उभा राहतो. राहिलं तोंड. सेंटर सगळ्यांच्या मागे, बास्केटपाशी असतो, त्याला पुढचं सगळं दिसतं. डावीकडून माणूस घुसतोय, मागे सरका, हे पुढच्या चौघांना त्यानेच ओरडून सांगायचं असतं. आपला बारक्या तर घरी दुसऱ्यांदा भात मागायलाही लाजायचा. पण परवा त्याचा आवाज मला वरच्या रांगेत ऐकू आला. मी शेजारणीचा हात एवढा दाबला की ती कळवळली.

पहिल्या संघात ठेवायचं की दुसऱ्या संघात पाठवायचं, हे क्लब जानेवारीत ठरवणार आहे. असाच बोलता राहिला तर राहील, असं मला वाटतं. तू एकदा ये. गावभर बूट विकतोस आणि पोटच्या पोराच्या मापाचा जोड दुकानात नाही, म्हणून लाजत असशील तर माफ केलं.

लोभ आहे तसाच राहू दे.
अक्का

दि. २४ नोव्हेंबर

ती. अक्कास धाकट्याचा शि. सा. नमस्कार.

मी आलो होतो. रविवारी. तुला कळवलं नाही, त्यालाही नाही. लांबून, कोणाच्या नकळत बघावं म्हणून तू बसतेस त्याच्या समोरच्या बाजूचं तिकीट काढलं. आता हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

सुरुवातीलाच त्याच्या हातून दोन चेंडू निसटले. माझ्या आजूबाजूला सगळी क्लबची जुनी माणसं, ती हसायला लागली. शेजारचा माणूस भला होता, त्याने आपल्या थर्मासमधला चहा मला दिला आणि विचारलं की हा नवा ताडमाड कोण, ओळखता का. मी म्हणालो, नाही. अक्का, तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तुला माझी जीभ माहीत आहे. दुकानात गिऱ्हाईक हसलं की मला चेव येतो. मी मोठ्याने म्हणालो, की क्लबने विजेचा खांब उभा केलाय खरा, पण दिवा बसवायला विसरले. चार रांगा हसल्या. शेजाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला, तुला खोटं सांगत नाही, मला बरं वाटलं.

मग मागच्या पोरांनी ते उचललं. उत्तरार्धात सगळी बाजू टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडत होती, दिवा लावा, दिवा लावा! आणि आपला बारक्या मधोमध, लपायला जागा नसलेला. मी सामना संपायच्या आत उठलो. बसमध्ये मला कोणी ओळखत नव्हतं तरी मान वर होईना. बायकोला सांगितलं की मालाच्या खरेदीला गेलो होतो.

त्याला कळू देऊ नकोस. माझ्यावरची माया कमी झाली असेल तर तसं लिही, पण लिही.
धाकटा

दि. १५ डिसेंबर

ती. आत्यास सा. नमस्कार.

तू पाठवलेला मफलर मिळाला. पहिल्यांदाच एखादी गोष्ट माझ्या मानेभोवती दोनदा फिरली, विणताना तुझी बोटं दुखली असणार.

तुला सगळं दिसतच असेल. ते ओरडणं आता बाहेरगावच्या सामन्यांतही येतं. पेपरातही छापून आलं, चित्रासकट. संघातली मुलं चांगली आहेत, खोलीतला दिवा लावताना माझ्याकडे बघत नाहीत. कोच म्हणतात, पाय सुधारलेत, पण तू पुन्हा मुका झालास. तोंड उघडायला जातो आणि वाटतं, मी कोण यांना सांगणारा? तेवढ्यात माणूस आत घुसलेला असतो. परवा आमच्या कप्तानाला माझ्या गप्प बसण्यामुळे जोरात धक्का लागला, गुडघा सुजला. त्याने मला शब्दानेही दुखवलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी फोन केला की बाबा लगेच आईकडे देतात. त्यांना बरं आहे ना? या ओरडण्याचा विषय तू त्यांच्याकडे काढू नकोस, त्यांना फार लागेल.

भाच्यावर जीव असू दे.
बारक्या

दि. २० डिसेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर देणार नव्हते. जे सुचत होतं ते पोस्टमनला ओझं झालं असतं. पण काल बारक्याचं पत्र आलं. तुला सांगू नकोस म्हणतो, तुला लागेल म्हणून. तेव्हा मुद्दाम सांगते. तो गप्प झालाय. तीन महिन्यांत कमावलेलं तीन आठवड्यांत गेलं. मी पहिल्या पत्रात छाती ठोकून मत दिलं होतं, ते परत घेते. असा राहिला तर क्लब त्याला ठेवणार नाही, आणि क्लबचं चुकणारही नाही.

लोक ओरडणारच, त्यांनी तिकिटाचे पैसे दिलेत. तुझं तसं नाही. त्याला तू स्वतः लिही. गुळमुळीत लिहू नकोस. आणि माया कमी झाली का म्हणून मला विचारू नकोस, ती कमी होत नाही हीच तर पंचाईत आहे.
अक्का

दि. ५ जानेवारी

चि. बारक्यास बाबांचे आशीर्वाद.

तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय. बाळा, खांबाचं ते पहिल्यांदा मी बोललो. नोव्हेंबरात, तुझ्या क्लबच्या मैदानावर, अनोळखी लोकांत बसून. तुला ओळखत नाही असंही सांगितलं. लोक तुला हसत होते आणि मला तुझी लाज वाटली. आता माझी वाटते, ती जात नाही. दुकानात कोणी हसलं तरी मी उठून आत माल लावायला जातो.

फोनवर तुझ्याशी बोलायला तोंड नाही, म्हणून आईकडे देतो. माफ कर असं कोणत्या तोंडाने म्हणू? रागाने का होईना, दोन ओळी लिही.
बाबा

दि. १६ जानेवारी

ती. बाबांस बारक्याचा सा. नमस्कार.

मला माहीत होतं. तो आवाज ऐकतच दुकानात मोठा झालो, गर्दीत तो ओळखू येणार नाही का? त्या दिवशी मी तुमच्या बाजूला वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर मला कळल्याचं तुम्हाला कळलं असतं.

राग असा आला नाही. एवढी माणसं ओरडली त्याचंही फार काही वाटलं नाही. पण वाटलं, मला सगळ्यांत जास्त ओळखणारा माणूस असं म्हणतोय, तर ते खरंच असणार. मग पुढच्या चौघांना ओरडून काय सांगायचं? तुम्ही लिहिलंत म्हणून मीही लिहितो, एरवी हे आईलाही सांगणार नव्हतो.

सोमवारी क्लबने बोलावलं. मला दुसऱ्या संघात पाठवलंय. कोच प्रेमाने बोलले. पाय आलेत, हात आलेत, वर्षभराने पुन्हा बघू म्हणाले. मी कपाटातलं सामान भरत होतो तेव्हा मुलं उगाच बुटांच्या नाड्या बांधत बसली. तुम्ही गावात सगळ्यांना सांगितलं असेल, त्यांना आता काय सांगाल याचीच मला जास्त लाज वाटते. जे खरं आहे ते सांगा.

दुसऱ्या संघाचा सामना रविवारी दुपारी आहे, जुन्या मैदानावर. बघायला फार कोणी येत नाही. तुमच्यासाठी जागा ठेवायला सांगितली आहे, पुढच्या रांगेत. तिथला दरवान म्हातारा आहे, त्याला वाचायला दिसत नाही, म्हणून तो नावं बघत नाही. आत कोणाला सोडायचं ते नातं विचारून सोडतो. त्याला तुम्हाला मोठ्याने सांगावं लागेल, की मी सेंटरचा बाप आहे.

याल ना? वाट बघतो.
तुमचा
बारक्या