सासूबाईंची इमारत तीनशेपट डुलली

लागोस, मंगळवार

आदरणीय लासिसी काकांच्या चरणी,

पुतण्या गफारचा इबादानच्या दिशेला तोंड करून, पार पालथं पडून नमस्कार. (खरोखर पडलो होतो. ऑफिसच्या शिपायाला वाटलं चक्कर आली, त्याने तांब्याभर पाणी ओतलं.) तुमचा गुडघा कसा आहे? काकूंच्या हातची अमालाची उकड अजून तशीच मऊसूत होते ना? मी इकडे सुखरूप आहे, फक्त माझं ठरलेलं लग्न मोडलंय.

घाबरू नका, पुरतं नाही मोडलं, लोंबकळतंय. झालं असं, की रोफिआतच्या आईने, म्हणजे अल्हाजा सिकिरातबाईंनी (पाढे चुकल्यावर तुमच्या इथल्या शाळेत छडी खायच्या, त्याच), खाडीकाठी सात मजली इमारत बांधायला काढली आणि तिचं डिझाइन माझ्याकडे दिलं. इमारत कातळावर उभी आहे असं धरलं की गणित कसं झकास सुटतं! पण इथली माती कसली, नुसता चिखल. म्हणून जमिनीत खोल पाइल, म्हणजे काँक्रीटचे खांब, घालायचे, आणि कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक पाइलभोवती मातीच्या जागी स्प्रिंगा लावायच्या, म्हणजे माती किती दबेल, किती सरकेल ते कळतं. तीन आठवडे मी तहानभूक विसरून (जोलोफ भात वगळता) स्प्रिंगा लावत होतो. काल बाई ऑफिसात आल्या. होणारा जावई काय चीज आहे हे दाखवायची मला खुमखुमी आली, आणि मी वाऱ्यात डुलणाऱ्या इमारतीचं हलतं चित्र सुरू केलं.

आता त्या चित्रात हालचाल तीनशेपट वाढवून दाखवतात, काका. खरी असते बारा मिलिमीटर, तेवढ्याने डोळ्याला काय दिसणार? हे आधी सांगायचं असतं. मी नंतर सांगितलं. तोवर सातही मजले कमरेत लचकून नाचत होते, आणि बाईंच्या डोक्याला गुंडाळलेलं रेशमी कापड सुटून खांद्यावर आलं होतं. "मेल्या, ज्याच्या हातून इमारत सरळ उभी राहत नाही, त्याच्या हाती माझी पोर देऊ?" मी तीनशेचा आकडा एकवर आणला. इमारत गपगुमान उभी राहिली. तर म्हणाल्या, आता वर लबाडीही करतोस! शनिवारी आपली माणसं मागणीची बेचाळीस कोनफळं घेऊन त्यांच्या दारी जाणार होती ना? ती आणू नका, असा निरोप आलाय.

काका, तुमच्यापुढे त्या अजून मान वर करत नाहीत. शनिवारच्या आत या आणि त्यांची समजूत काढा.

तुमचा नालायक, पण प्रेमात आकंठ बुडालेला,
गफार

ता. क. जाता जाता बाई एक गोष्ट बोलल्या, ती वर लिहायची लाज वाटली. म्हणाल्या, सगळी इमारत नाचतेय, मग खाडीकडचा कोपराच एवढा ताठ कसा? लहानपणी आम्ही तिथल्या गाळात मासे धरायचो! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी तपासलं. त्या कोपऱ्याला मी पलीकडच्या घट्ट मातीच्या स्प्रिंगा लावल्या होत्या. तिथले पाइल सहा मीटर आखूड पडतायत. बाईंचं खरं होतं. तेवढं तुम्हीच त्यांना सांगाल का? माझी जीभ रेटत नाही.

ता. ता. क. हे रोफिआतला सांगितलं. आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, आत्ता जाऊन स्वतः सांग, नाहीतर लग्न मीच मोडते. तेव्हा मी निघालोच. तुम्ही तरीही या, काका. बाई एकदा "मी म्हटलं नव्हतं?" म्हणायला लागल्या, की त्यांना थांबवणारं कुणीतरी हवं.