ट्रेलरच्या चाकातली हवा

चँडलर, २ एप्रिल २००६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट पोचलं. त्यावर माझ्या नावाआधी तू सौ. किंवा श्रीमती काहीच लिहिलं नाहीस, नुसतं सुवर्णा. बरं केलंस. लतावहिनीचा लसणाचा मसालाही आला. चार फडकी गुंडाळली असली तरी पोस्टमनला वाटभर वास आला असणार. तू अजून पहाटे पूजेची घंटी वाजवून शेजारच्या कुत्र्याला उठवतोस असं वहिनी म्हणत होती. नोव्हायच्या थंडीत त्या कुत्र्याने तुझं काय वाकडं केलंय?

फोनवर बोलले तर ईशान ऐकेल, म्हणून लिहिते. सत्यजितच्या अपघातानंतर ट्रेलर सरळ करून आणला, तेव्हापासून बोट त्यावर मागच्या अंगणात ताडपत्रीखाली आहे. ईशानने ठरवलंय की जुलैत त्याच्या बाबांच्या वर्षश्राद्धाला ती बोट ओढत, तेव्हा जायचं होतं त्याच तळ्यावर न्यायची. टायर कुठले घ्यायचे ते तो तुला विचारील. तू गाड्यांचे ब्रेक तपासणारा माणूस, शिवाय मामा, तुझा शब्द तो मानतो. तू एवढंच लिही की ट्रेलरच्या कुठल्याच टायरचा भरवसा नसतो, बोट विकून टाक.

कारण सांगते. गेल्या जुलैत निघायच्या आदल्या दिवशी सत्यजितने ईशानला सगळ्या चाकांत हवा भरायला सांगितलं होतं. गाडीच्या दारावर आकडा चिकटवलेला असतो, बत्तीस. पोराने गाडीत बत्तीस भरली आणि ट्रेलरमध्येही बत्तीसच. सगळी चाकं सारखी केली, म्हणून मला कौतुकाने सांगायला आला होता. ट्रेलरला पन्नास लागते. मोडलेली गाडी ओढून नेणाऱ्या टोइंगवाल्याने न फुटलेलं चाक मोजून मला हे सांगितलं. ईशानला ठाऊक नाही, आणि कळता कामा नये.

वहिनीला नमस्कार. लोभ कायम असू दे, आणि या वेळी जरा जास्त.

तुझी,
सुवर्णा

---

चँडलर, ९ एप्रिल २००६

ती. मामास,
सा. न. वि. वि.

माझं पत्र लाल पेनने तपासून परत पाठवू नकोस. मागे पाठवलं होतंस तेव्हा बाबांनी ते फ्रिजवर लावलं होतं. इंग्लिशमध्ये ईमेल केली तर तू उत्तरच देत नाहीस, म्हणून पुन्हा हा कागद.

मला बोट तळ्यावर न्यायची आहे. बाबांसाठी दुसरं काय करायचं ते मला कळत नाही. ट्रेलरला दोन टायर हवेत. माझा मित्र सुशांत याच्याकडे जुन्या गाडीचे दोन पडलेत, फुकट. नक्षी जाड आहे, अगदी नव्यासारखे, साइजही बसते. ते लावू का?

अजून एक. इन्शुरन्सवाला म्हणाला, टायर उष्णतेने फुटला. पण त्या दिवशी ऊन सगळ्यांनाच होतं, मामा. रस्त्यावर दुसरेही ट्रेलर होते. मग आमचाच का? आईला विचारलं की ती भांडी घासायला उठते, घरात डिशवॉशर असताना. तू सांग. दात काढताना दुखेल असं मला सांगणारा तू एकटाच होतास, बाकी सगळे नाही म्हणत होते.

मामीला नमस्कार. आठवण ठेव.

तुझा,
ईशान

---

नोव्हाय, १६ एप्रिल २००६

चि. सुवर्णास,
अनेक आशीर्वाद.

इकडे बर्फ आता कुठे हटलं. लताने परसात मेथी टाकली आहे, उगवेल ती उगवेल.

ईशानचं पत्र आलं. तो ट्रेलरला मोटारीचे टायर लावायला निघाला आहे, आणि त्यांत हवाही मोटारीचीच भरील. मी गप्प राहिलो तर तीच चूक पुन्हा होईल. या वेळी स्टिअरिंगवर तो असेल. कुठल्याच टायरचा भरवसा नसतो असं लिहिलं तर त्याला पटणार नाही, शेकडो ट्रेलर रोज त्याच्या डोळ्यांपुढून जातात. आणि माझ्याने ते लिहवणारही नाही. सकाळी देवापुढे हात जोडायचे आणि त्याच हातांनी पोराला खोटं कळवायचं, हे मला जमत नाही.

तूच त्याला सांग. आईच्या तोंडून ऐकणं वेगळं. तुझं उत्तर येईपर्यंत मी त्याला लिहीत नाही.

तब्येत सांभाळ. आमचं मन तिथेच आहे.

तुझा,
मनोहरदादा

---

चँडलर, २१ एप्रिल २००६

ती. दादास,
नमस्कार.

टायरचं सगळं लिही, हवेचं तेवढं गाळ. दुकानातून हवा मी स्वतः भरून आणीन. तुझ्या देवाला माझं नाव सांग, काय बोल लावायचा तो मला लावू दे. बाप कसा गेला ते पोराला कळलंच पाहिजे, असा हट्ट देव कशाला धरील?

पाया पडते, दादा.

सुवर्णा

---

नोव्हाय, २९ एप्रिल २००६

चि. ईशानास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. बरेच दिवस विचार करत होतो. लाल पेन या वेळी काढलं नाही.

सुशांतचे टायर त्याला परत कर. मोटारीच्या टायरच्या बाजू मऊ असतात, आतल्या माणसांना धक्के बसू नयेत म्हणून. ट्रेलरवर माणूस नसतो, नुसतं वजन असतं. वळणावर त्या बाजू लचकतात आणि मागचं सगळं धूड डोलू लागतं. खास ट्रेलरसाठी केलेले टायर मिळतात, त्यांवर एस टी, म्हणजे स्पेशल ट्रेलर, ही अक्षरं असतात, तेच घे. बोट, इंजिन, पेट्रोल, बर्फाची पेटी, सगळं चढवून ट्रेलर एकदा वजनकाट्यावर ने. टायर जेवढं पेलतात त्याच्या बऱ्याच खाली ते वजन राहिलं पाहिजे.

नक्षी बघून भुलू नकोस. ट्रेलरचा टायर झिजून कमीच जातो, उन्हात उभा राहून आतून जातो. बाजूवर चार आकडे असतात, कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या साली केला ते. जुना माल असला तर दुकानदाराला नमस्कार करून निघून ये. चार-पाच वर्षांनी नवे दिसले तरी बदल. एक जादा चाक बरोबर ठेव. ताशी साठ मैलांच्या वर जाऊ नकोस, मागून कोणी कितीही भोंगा वाजवू दे.

आमच्या गावी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असायची. लोहार ती तापवून चढवायचा, मग वर्षानुवर्षं बघावं लागत नसे. हवेच्या चाकाला मात्र दर खेपेला विचारावं लागतं. तुझी आई दुकानातून हवा भरून आणीन म्हणते, पण एकदा भरून भागणार नाही.

तर हवा. ट्रेलरच्या टायरवरच सगळ्यात जास्त हवेचा आकडा छापलेला असतो. चाकं थंड असताना तेवढी पूर्ण भरायची. तुमच्या ट्रेलरला पन्नास. गाडीच्या दारावरचा आकडा फक्त गाडीचा.

इथे तू थांबशील. तुला जे आठवेल ते खरं आहे, मी त्याला नाही म्हणणार नाही. कमी हवेचा टायर आतून तापतो आणि फुटतो. पण त्याच्याबरोबर हेही लक्षात घे. ते टायर बोटीबरोबर आलेले होते आणि त्यांनी तिथले सात उन्हाळे काढले होते. बोट काठोकाठ भरलेली होती, रस्ता चढणीचा, महिना जुलै. आणि ट्रेलरची हवा वेगळी असते हे तुला कोणी कधी दाखवलं नव्हतं. यात कशाचा किती वाटा, हे कुठल्याही माणसाला सांगता येणार नाही, मलाही नाही. बापाने सांगितलेलं काम तू मन लावून केलंस, एवढं मात्र मला नक्की सांगता येतं.

आईला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. तिच्यावर रागावू नकोस. पत्र वाचलंस की एकटा बसू नकोस, तिच्याकडे जा.

देव तुझ्या पाठीशी असो. मी तर आहेच.

तुझा,
मामा

---

चँडलर, २१ मे २००६

ती. दादास,
नमस्कार.

ईशानने तुझं पत्र गॅरेजमध्ये वाचलं. घरात आला तो दिवे लागल्यावर. टोइंगवाला मला खरं काय म्हणाला होता, असं त्याने विचारलं. मी उठले नाही. सांगितलं. त्याला जेवायला वाढताना इतके महिने हे माझ्या मनात असायचं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग बाबांच्या फोटोला फूल वाहायला मी रोज त्यालाच का सांगत होते, असं त्याने विचारलं. 

तेव्हापासून तो माझ्याशी मराठीत बोललेला नाही. जेवतो, ताट उचलतो, थँक यू म्हणतो. तू सांगितलेस तसे टायर आणले, या वर्षीचे. वजनही करून आला. काल हवा भरली, आणि मोजायला गेज माझ्या हातात दिला. मी वाकून मोजली. पन्नास आहे. जुलैत आम्ही जाऊ. मी पुढे, त्याच्या शेजारी बसणार आहे. त्याने नको म्हटलं नाही.

तू बरोबर केलंस हे मला कळतं. रस्त्यावर तो आता नीट जाईल. पण दादा, सत्यजित गेल्यावर पोरासाठी माझ्या हातात एकच गोष्ट राहिली होती, त्याला न सांगण्याची. रोज सकाळी उठून मी ती करत होते. आता उठते आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहते.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहे तसा राहू दे. माझा सध्या आटलाय. तो मागू नकोस, यायचा तेव्हा येईल.

सुवर्णा