कधी येतो, हे विचारायचं कोणी

३ नोव्हेंबर
नाइलाजाने लिहायला बसले आहे. परवा लक्ष्मीला 'वाट पाहते'साठी एक इंग्रजी शब्द सांगितला, आज दुसराच सांगितला, आणि दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे. उद्या तोंडातून तिसरा जाऊ नये म्हणून ही नोंद.

लक्ष्मी साखऱ्याची. सासरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. नवरा मारोती जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला. जहाज परदेशी बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे, त्याचा फोन लागत नाही. हिला आठवा महिना, पहिलंच. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणतात मूल आडवं आहे, ऑपरेशन लागेल बहुधा. त्याआधी तो घरी यावा, एवढंच मागणं. ज्या ऑफिसने त्याला जहाजावर चढवलं ते मुंबईत. ते फक्त इंग्रजी मेलला उत्तर देतात. इकडे हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली आणि दिवसभर खत-बियाण्याच्या दुकानात सापडणारी मीच. बी.ए. होऊन किती वर्षं झाली ते तिने विचारलं नाही. मीही बोलले नाही.

४ नोव्हेंबर
हरभऱ्याच्या बियाण्याला गर्दी. ल. खताच्या पोत्यांवर बसून होती. दुपारी ऑफिसचं उत्तर. काइंडली वेट पेशंटली. बाकी काही नाही.
"पेशंटली म्हंजे काय, काकू?"
"कुरकुर न करता."
"मंग म्या कुरकुर कवा केली? एकडाव तर धाडा म्हणलं."
गिऱ्हाइकाला पिशवी काढून दिली.

६ नोव्हेंबर
ट्रंकेतून कॉलेजची डिक्शनरी काढली. वाळवी नाही, आश्चर्य. इंग्रजीत वाट नुसती पाहिलेली चालत नाही असं दिसतं, मागे शेपूट लागतं. पेशंटली, ईगरली, अँक्शसली. शिवाय ते आय कॅन हार्डली वेट, म्हणजे वाट पाहणंच होत नाही. पण ते सहलीच्या आदल्या दिवशी म्हणायचं. इथे शोभणार नाही.
आपण तरी काय, लग्नपत्रिकेवर 'आतुरतेने' छापतो. बोलताना कोण म्हणतं? ल. म्हणते "वाट पाहून राहिले". संपलं.

ईगरली म्हणजे आतुरतेने, अँक्शसली म्हणजे काळजीने, असे दोन्ही अर्थ तिला सांगितले.
ईगरली: "हे तं जत्रंला निघाल्यावानी वाटते."
अँक्शसली: "न्हाई न्हाई! त्यायला कोनी वाचून दावलं तर त्यायच्या हातचं कालवण करपंल."
हसली. मीही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

८ नोव्हेंबर
ऑफिसचा मेल. जहाजावरची काही माणसं उतरवणार, बदली माणसं पाठवणार. कोणाला कधीपर्यंत घरी पोचायला हवं, ती तारीख घरच्यांनी कळवावी. सरळ काम. मी लिहायला घेतलं तर ही म्हणते, तारीख नको.
"काहून नको?" रागात माझ्या तोंडून तिचीच भाषा.
"निघाल्या माणसाला कवा येता म्हणत न्हाईत, काकू. पाय आडतो. मामा मेंढरं घेऊन निघतेत, तवा बी आमी इचारत न्हाई. हे निघाले तवा बी न्हाई इचारलं."
म्हणजे करार कधी संपतो तेही घरात कोणाला माहीत नाही! फार बोलले तिला. दहावी झालेली मुलगी, मोबाइल चालवते, पोटात लेकरू, आणि... ती उठलीही नाही, हो पण म्हणाली नाही. बाळंतपणाची तारीख असलेला डॉक्टरांचा कागद आणलाच नव्हता. शेवटी तारखेच्या जागी मी ईगरली घातलं आणि पाठवून दिलं. गर्दी होती.

११ नोव्हेंबर
पहिल्या तुकडीत मारोती नाही. ज्यांच्या घरून तारखा आल्या ते आधी. आमची आतुरता ते समजू शकतात, असं लिहिलंय. समजून काय उपयोग. खाली एक ओळ: एक जागा अजून पक्की नाही, तातडीचं कारण असेल तर लगेच कळवा.
सगळं मराठीत सांगितलं. तिने पदर सारखा केला.
"येते, काकू."
जाते नाही म्हणाली. मीसुद्धा जन्मभर 'येते'च म्हणत आले आहे. मग तिच्यावर एवढं ओरडायचं...

१२ नोव्हेंबर
सकाळी लक्ष्मीचे सासरे कळप घेऊन दुकानासमोरून गेले. आता उन्हाळ्यापर्यंत रानोमाळ. सासू गिरजाबाई फाट्यापर्यंत आल्या होत्या. सासरे म्हणाले, "येतो." त्या म्हणाल्या, "या." झालं. शेवटचं कोकरू वळेपर्यंत उभ्या होत्या. मग रस्ता ओलांडून तडक माझ्याकडे.
"बाई, लक्षुमी म्हंती तारीख पायजे."
"पाहिजे. त्याशिवाय ते ऐकणार नाहीत."
"आमाला इचारता येत न्हाई. आमी त्याला उंबऱ्यावरून लावून दिला. तुमी लावून दिला का?"
"मी त्याला पाहिलेलंही नाही."
"मंग झालं की! तुमी इचारा. तुमचं इचारलेलं त्याच्या पायाला लागत न्हाई."
म्हटलं, हे लक्ष्मीने त्या दिवशीच का नाही सांगितलं?
"तिला काय म्हाईत, लेकरू हाय ते. आन् तुमी लई वरडत व्हता म्हनं."
ऐकून घेतलं. चहा दिला. कमी साखरेचा म्हणून नावं ठेवली त्यालाही.

१३ नोव्हेंबर
मेल गेला, माझ्या नावाने. मी शेजारीण, मी विचारते, मारोतीला कोणत्या तारखेला पाठवता? डॉक्टरांनी दिलेली तारीख ही, कागद सोबत, त्याआधी तो इथे हवा. वाट, वेट, काही नाही. शेपूटही नाही. कॉलेजात असं कोरडं लिहिलं असतं तर सरांनी लाल रेघ मारली असती.
ल.ला वाचून दाखवला.
"यात म्या वाट पाहून राहिले ते कुठं लिवलं?"
"नाही लिहिलं."
थोडा विचार केला तिने. "बराबर. ते त्यायला म्हाईत हाय."

१५ नोव्हेंबर
उत्तर नाही. ऑफिसला फोन केला. एक मुलगा इंग्रजीत म्हणाला, मॅडम, प्लीज वेट. मी मराठीत विचारलं, किती? मग तोही मराठीत आला. म्हणाला, कागद साहेबांपुढे ठेवलाय, जागेला अजून दोघे आहेत. दोघांच्या घरीही कोणी असंच... असो. माझं काम मारोतीचं.

१७ नोव्हेंबर
अजून काही नाही. सकाळ-संध्याकाळ ऑफिसला फोन करते आहे. शनिवारी आवाज चढवला. त्याचा फायदा होईल असं वाटत नाही, पण चढवला.

दुपारी सासू-सून तपासणी करून हिंगोलीहून आल्या, जीपमधून दुकानासमोरच उतरल्या. मूल अजून आडवंच. पुढच्या आठवड्यात लक्ष्मीला तिच्या मावशीकडे हिंगोलीत नेऊन ठेवायचं ठरलं, दवाखाना जवळ. ल. दमलेली. पोत्यावर बसून पाणी प्यायली. माझ्याकडे पाहून भुवई उडवली, म्हणजे आलं का? मी नाही म्हणून मान हलवली.
गिरजाबाईंनी कमरेची पिशवी सोडली.
"हिंगोलीची जीप तुमच्या दारात थांबती. आमी काय रस्त्यावर डोळे लावून उभं ऱ्हात न्हाई. तुमी त्याला वळखणार कशी?"

गिरजाबाईंना दिलं: मेलची छापील प्रत, डॉक्टरांचा मूळ कागद.
त्यांच्याकडून घेतलं: मारोतीचा फोटो, एक. काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे, जीप थांबते त्या बाजूला.